मनोऱ्यावरच्या गयामावशी

"नाकेदार, बूट काढा."

गयामावशी माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी नुकताच वनरक्षक म्हणून भोकरच्या बाजूला जंगलात रुजू झालो होतो. वनरक्षकाला तिकडची जुनी माणसं अजून नाकेदारच म्हणतात. निशाणीच्या डोंगरावर आगीवर नजर ठेवायचा लोखंडी मनोरा होता. त्याच्या शिडीवर मी पहिला पाय ठेवला आणि वरून हा हुकूम आला. मान वर करून बघितलं, तर चाळीसएक फुटांवर पत्र्याच्या छपराखाली, कठड्याला हात टेकून, घट्ट काष्टा घातलेली एक उंच, काटक बाई उभी होती. बोलत होती माझ्याशी आणि बघत होती जंगलाकडे.

"लोखंड हाय ते. बूट सटकतेत. तुमी पडले तर मला खाली यावं लागल, आन् माझी नजर जागेवरून हलल."

मी बूट काढले. उदगीरच्या बाजारात वडिलांचं किराणा दुकान. आमच्या लिंगायताच्या घरात सात पिढ्यांत कोणी दुकानाच्या पायऱ्यांपेक्षा उंच चढलं नव्हतं. वर पोचलो आणि आधी कठडा धरला. मावशींनी एक तांब्या पुढे केला, तोही माझ्याकडे न बघता.

पुढची सहा वर्षं मी त्यांना ओळखत होतो. त्यांचा चेहरा मला बहुतेक एका बाजूनंच आठवतो, तो ह्यामुळंच. भाकरीही त्या जंगलाकडे तोंड करून खायच्या. कोणी बोलायला आलं तर त्याला आपल्या बाजूला उभं करायच्या, समोर नाही. दर थोड्या वेळानं पदराचं टोक पाण्यात बुडवून डोळे पुसायच्या. फेब्रुवारीच्या मध्यापासून मिरगाचा पाऊस पडेपर्यंत, सकाळी उन्हं वर आल्यापासून दिवस मावळेपर्यंत, हा त्यांचा नेम.

त्या मनोऱ्याचा इतिहास कुठल्या कागदात मला सापडला नाही. जो कळला तो मावशींच्या तोंडून. निजामाच्या राज्यात मोजणीवाल्यांनी डोंगराच्या माथ्यावर एक निशाण रोवलं, म्हणून डोंगराचं नाव निशाणी. मग जंगल खात्यानं तिथं दगडी चबुतरा बांधला आणि हुसेनचाचा नावाचा एक राखणदार बसवला. धूर दिसला की तो पत्र्याचा डबा बडवायचा. खालच्या गावात तो ऐकून दुसरा बडवायचा, आणि असं करत करत बातमी नाक्यावर पोचायची. चबुतऱ्यानंतर सागाच्या खांबांवर मचाण आलं. त्या मचाणावरच्या माणसावर वीज पडली. त्यानंतर हा लोखंडी मनोरा, आणि त्याच्यावर मावशींचे मालक, किसनराव.

"त्यांचं काय झालं?" मी विचारलं होतं.

"पडले. दवानं शिडी वली झालती. मेले न्हाईत. कंबर गेली. नऊ वर्षं बाजंवर होते." मग त्या म्हणाल्या, "ह्या जागेनं कोणालाच धड खाली उतरू दिलं न्हाई, नाकेदार."

किसनराव पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मावशी मनोऱ्यावर चढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. हजेरीपटावर नाव किसनरावांचं आणि वर उभी त्यांची बायको, असं दोन हंगाम चाललं. मग एक साहेब तपासणीला आले. वर बाई बघून खालूनच ओरडले, "तिथं बाईचं काय काम?"

मावशींनी वरूनच विचारलं, "कामून साहेब? बाईला धूर दिसत न्हाई का?"

साहेब चढायला निघाले, निम्म्यातून परत उतरले. पुढच्या हंगामापासून हजेरीपटावर गयाबाई असं नाव आलं. हंगामी. ते शेवटपर्यंत हंगामीच राहिलं.

धूर ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आपल्याला धूर म्हणजे धूर. मावशींना तो कशाचा, कुठला, आणि अर्ध्या तासानं कुठं असेल, हे सगळं दिसायचं. कापसाची पऱ्हाटी जाळली की धूर काळसर आणि बुटका. वाळलेलं गवत पेटलं की पांढरा आणि पळता. वीटभट्टीचा दिवसभर एकाच जाडीचा. कठड्याच्या लोखंडावर त्यांनी चुन्यानं रेघा मारून ठेवल्या होत्या. एका ठरलेल्या जागी उभं राहिलं की प्रत्येक रेघेपुढं एक नाला, एक गाव किंवा एक टेकडी यायची. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं, पण वॉकीटॉकीवर त्या जागा सांगायच्या ती शंभर पावलांच्या आत बरोबर निघायची. मी खाली चौकीत बसून वेळ आणि ठिकाण रजिस्टरमध्ये लिहायचो. "निशाणीवरून गया बोलून राह्यली," अशी त्यांची सुरुवात असायची. धूर दिसल्यापासून ह्या वाक्यापर्यंत कधी दोन मिनिटं गेली नाहीत.

एकदा मी वर असताना पलीकडच्या दरीतून एक बारीक धूर उठला. मी वॉकीटॉकीकडे हात नेला. मावशी म्हणाल्या, "राहू द्या. ती आग न्हाई."

"मग काय आहे?"

"हातभट्टी हाय. मी आगीची राखणदार हाव, दारूची न्हाई."

आणखी एकदा खालच्या गावाच्या कडेनं एक सरळ, जाड धूर वर चढत होता. त्यांनी हात जोडले. सरण होतं. मग माझ्या गळ्यातल्या शिवदाऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "तुमच्यात पुरतेत म्हणं?"

"हो मावशी."

"बरं हाय. गेलेलं माणूस लांबून दिसत न्हाई."

त्यांना एकच मुलगा, उत्तम. त्याची बायको रुक्मिण, दोन लहान मुली. उत्तम वडिलांसारखाच बारीक, कमी बोलणारा. थोडी कोरडवाहू जमीन आणि सोनवढ्याच्या नाल्यावर वडिलांच्या वेळेपासून वहिवाटीची चार मोहाची झाडं. चैत्रात मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली सागाचा वाळला पाला घोटाभर पडलेला असतो, त्यात फूल सापडत नाही. म्हणून माणसं झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. पिढ्यान् पिढ्या करतात. जंगलातल्या निम्म्याहून जास्त आगी तिथूनच सुरू होतात.

माझ्या चौथ्या हंगामात एका दुपारी वॉकीटॉकी बोलली. "निशाणीवरून गया बोलून राह्यली. सोनवढा नाला, वरचं अंग. पाला पेटलाय. वारं खालून हाय, लवकर निघा."

मी लिहिता लिहिता सवयीनं विचारलं, "कोणाचं शेत? कोणाची झाडं?"

काही ऐकू आलं नाही. मला वाटलं सेल उतरले.

"मावशी?"

"मव्हाची झाडं हायेत. माझ्या उत्तमची."

ती आग विझवायला आम्हाला दोन दिवस लागले. ओल्या फांद्यांनी झोडपून झोडपून हाताला फोड आले. साग, तेंदू, बांबूची नवी लागवड, बरंच गेलं. गुन्हा मीच नोंदवला. नोंदवावा लागला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि आजही सांगतो. उत्तमला भोकरला नेलं, नंतर कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. तो सुटून आला त्या दिवशी मी त्याच्या दारात होतो, कागदावर सही घ्यायला. मावशी नुकत्याच डोंगरावरून उतरून आल्या होत्या.

उत्तम आईला म्हणाला, "दुसऱ्याचा धूर असता तर डोळे झाकले असते का तू?"

"न्हाई."

"मंग माझा दिसला तवा तरी झाकायचे होते."

उत्तमनं सही केली आणि आत गेला. महिन्याभरात त्यानं घराच्या मधोमध कुडाची भिंत घातली. चूल वेगळी झाली. तो आईशी बोलायचा बंद झाला. गावातल्या बायाही मावशींना बघून पाणवठ्यावर गप्प व्हायला लागल्या. ज्या बाईचा लेक तिच्या नजरेतून सुटला नाही, तिच्या नजरेतून आपण काय सुटणार, असं झालं असावं.

मी एकदा वर गेलो तेव्हा विषय काढला. "मावशी, मी गुन्हा लिहिला नसता तर..."

"तुमी तुमचं लिहिलं. मी माझं सांगितलं." मग जंगलाकडेच बघत म्हणाल्या, "भिंत लई पातळ हाय पण. पोरी खोकल्या तरी ऐकू येतंय. मला वाटतं हाक मारावं, सुंठ उगाळून देऊ का म्हणावं. न्हाई मारत."

त्या वर्षी त्या खूप वाळल्या. डोळे तेवढे तसेच राहिले.

पुढच्या वर्षीचा चैत्र. दिवसभर वारा भोवऱ्यासारखा फिरत होता. बारा वाजून वीस मिनिटांनी वॉकीटॉकी बोलली आणि मला आधी आवाजच ओळखू आला नाही. नेहमीची सुरुवात नव्हती.

"नाकेदार, सोनवढ्याला पळा. उत्तम हाय तिथं. माझा उत्तम हाय. त्याला बघा."

चौकीच्या बाहेर आलो तर धूर मला खालूनसुद्धा दिसत होता. काळा, रुंद, झाडांच्या वर चढलेला. मोटारसायकलवर बसताना मनात एक गोष्ट येऊन गेली. मी ती तिथंच दाबली. एवढा धूर व्हायला वेळ लागतो.

दोन मजूर आणि मी, जिथपर्यंत गाडी जाते तिथपर्यंत गाडीनं आणि पुढं पळत गेलो. मावशी वरून सांगत होत्या, "डाव्या अंगानं जा. वढ्यात उतरू नका आता, आग उतरून राह्यली. थांबा. आता जा." सगळा वेळ आवाज एकसारखा होता. त्या सांगत होत्या म्हणून आम्ही तिघं त्या नाल्यातून जिवंत बाहेर आलो.

उत्तम नाल्याच्या काठावर भाजलेला सापडला. काय झालं ते नंतर रुक्मिणीकडून कळलं. ह्या वर्षी त्यानं पाला झाडून लहान लहान ढीग केले होते आणि एकेक ढीग पेटवून विझवत होता, म्हणजे धूर बारीक राहील, डोंगरावरून दिसणार नाही. रुक्मिण फुलांची टोपली घेऊन घरी गेली होती. वाऱ्यानं एक ढीग उडवला. त्यानं कोणाला हाक मारली नाही. पळसाची फांदी तोडून एकटाच झोडपत राहिला. दुसरा गुन्हा नको होता त्याला.

घोंगडीत घालून आम्ही त्याला रस्त्यापर्यंत आणलं आणि जीपमध्ये नांदेडला नेलं. अर्धापूरच्या पुढं केळीच्या बागा लागल्या तेव्हा त्यानं डोळे उघडले. मी वाकलो.

"नाकेदार, मायला दिसलं का?"

मी म्हणालो, "हाव."

त्यानं डोळे मिटले. चौथ्या दिवशी दवाखान्यात तो गेला.

तिसऱ्याच्या विधीनंतर मी घरी गेलो. मावशी कुडाच्या भिंतीपाशी बसल्या होत्या. भिंत तशीच होती, पलीकडून रुक्मिणीचं रडणं ऐकू येत होतं. मावशींनी मला जवळ बसवलं.

"काही बोलला का त्यो?"

मी सांगितलं. न सांगता आलं नाही.

"मंग तुमी काय म्हणाले?"

"हाव म्हणालो."

त्यांनी कुडाच्या भिंतीवर हात टेकला. मग म्हणाल्या, "बरोबर सांगितलं."

माणूस दगावला होता म्हणून चौकशी लागली. नवे साहेब, वयानं माझ्यापेक्षा लहान, चांगले गृहस्थ. चौकीतल्या टेबलावर रजिस्टर उघडं होतं. त्यात मी लिहिलेलं होतं: धूर दिसला, बारा वीस. साहेबांना ते फक्त वाचून दाखवायचं होतं आणि मावशींचा अंगठा घ्यायचा होता. पाच मिनिटांचं काम.

"धूर तुम्हाला बारा वीसला दिसला. बरोबर ना, आजी?"

"न्हाई साहेब."

साहेबांनी मान वर केली.

"पावणेबाराला दिसला. बारीक होता, सुतासारखा. मव्हाच्या बुडात. मला कळलं कोणाचा हाय."

"मावशी, तुम्हाला वेळेचं नीट आठवत नसेल," मी म्हणालो. "त्या दिवशी..."

"नाकेदार, मधी बोलू नका." त्या साहेबांकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्यांना कोणाच्या तोंडाकडे सरळ बघून बोलताना मी पहिल्यांदाच बघितलं. "माझ्यापाशी घड्याळ हाय, मालकाचं. मी घड्याळ बघितलं. मनात म्हणलं, इझवल त्यो. एकदा सांगितलं तर लेक तुटला. आता न्हाई सांगायचं. मी बघत बसले. धूर जाड झाला तरी म्हणलं, इझवल. मंग वारं फिरलं आन् त्यो धूर माझ्या डोळ्यादेखत काळा झाला. तवा सांगितलं."

साहेबांचा पेन हातातच राहिला होता.

"आजी, असं लिहिलं तर तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही."

"लिवा."

"तुमच्यावर ठपका येईल."

"मंग कोणावर यावा, साहेब? वाऱ्यावर?"

त्यांनी स्वतःच शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि साहेब वेळ दुरुस्त करेपर्यंत तो तसाच हवेत धरून उभ्या राहिल्या. दुरुस्ती झाल्यावर कागदावर टेकवला. बाहेर जाताना त्यांनी वॉकीटॉकी कमरेची सोडून माझ्या टेबलावर ठेवली.

मी त्यांच्या मागं गेलो. रागानं की रडू येत होतं म्हणून, मला सांगता येणार नाही. "कशाला सांगितलं, मावशी? कोणाला कळलं असतं?"

"उत्तम तिथं पस्तीस मिनिटं एकटा होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहीत त्यो एकटा नव्हताच. असं कसं चालल?"

पुढच्या हंगामात मनोऱ्यावर कोणालाच बसवलं नाही. आता आगीचा निरोप मोबाइलवर येतो, आकाशातून उपग्रह बघतो म्हणतात. निरोप येतो तेव्हा बऱ्याचदा आग लागून गेलेली असते, पण येतो खरा. पोरं फोटो काढायला चढायची म्हणून शिडीच्या खालच्या पायऱ्या कापून टाकल्या. त्या कापताना मी हजर होतो. कामाचा भाग होता.

माझी लातूरला बदली झाली ती ह्याच वर्षी, चैत्रात. निघायच्या दिवशी सकाळी मावशींना भेटायला गेलो. घराला कडी होती. शेजारणीनं सोनवढ्याकडे बोट केलं.

मी गाडी रस्त्यावर लावून चालत गेलो. जळालेल्या भागात नवा फुटवा आला होता, खोडं मात्र काळीच होती. चारपैकी दोन मोह वाचले होते. एका झाडाखाली रुक्मिण फुलं वेचत होती. दुसऱ्याखाली मावशी उकिडव्या बसून हातानं पाला गोळा करत होत्या. एकेक मूठ, पाठीमागच्या पाटीत. पाटी भरली की ती उचलून नाल्याच्या खड्ड्यात रिकामी करायची आणि परत यायचं. सगळी जागा त्या तशीच साफ करत होत्या.

"पहाटं यायलेत," रुक्मिण मला हळू आवाजात म्हणाली. "जवळचं दिसत न्हाई त्यास्नी आता. हात चाचपडून करतेत. मी करते म्हणलं तर ऐकत न्हाईत." मग आवाज थोडा चढवून म्हणाली, "आत्याबाई, नाकेदार आलेत. पाणी पिऊन घ्या."

ती आपल्या सासूशी बोलते हे मला तेव्हाच कळलं.

मावशींनी पाणी घेतलं नाही. हात पदराला पुसून नुसता माझ्या दिशेनं केला. तळहाताला काटे टोचल्याच्या खुणा होत्या.

"कुठं बदली?"

"लातूरला, मावशी."

"तिकडं डोंगर हायेत का?"

"नाहीत फारसे. माळ आहे. बाभळी आहेत, कुठं कुठं कडुलिंब."

"जंगल?"

"नाही म्हणायला आहे थोडं."

त्यांनी मान हलवली. "बरं हाय मंग. घरी जाऊन जेवत जा येळंवर."

एवढं बोलून त्या परत पाल्याकडे वळल्या. मी थोडा वेळ उभा राहिलो. मोहाचं एक फूल वरून त्यांच्या पाठीवर पडलं, त्यांना कळलं नाही. नाल्याच्या वळणावरून मी मागं बघितलं. पाटी भरली होती. रुक्मिण आपली टोपली खाली ठेवून आली आणि तिनं पाटीचा एक कान धरला. मावशींनी दुसरा कान हातानं शोधला, आणि दोघी ती पाटी घेऊन खड्ड्याकडे निघाल्या.